बॉनेटवर चिरशांती

शुक्रवारी सकाळी माझा नवरा फकुंडो गाडी घेऊन दारात आला आणि गाडीतून उतरेचना, तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी घोळ आहे.

बॉनेटवर चादर टाकलेली होती. आमच्याच पलंगावरची, दोन टोकं दोन आरशांना बांधलेली. मी दारात उभी होते. केस धुतलेले, नवे बूट, हातात बॅग. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच सान लिबोरिओला दोन रात्री राहायला निघालो होतो. सान लिबोरिओ म्हणजे वाळवंटातलं ते चित्रकारांचं गाव, जिथे आमच्यासारखी माणसं एरवी फक्त छप्पर दुरुस्त करायला जातात. पण या खेपेला आम्ही पाहुणे होतो. आणि त्याआधी मला माझं बक्षीस मिळणार होतं.

बक्षीस म्हणजे बॉनेट. आमच्या एस्पान्योलाच्या खोऱ्यात माणूस घर रंगवणार नाही, पण गाडी रंगवेल. फकुंडोची इम्पाला चौसष्ट सालची. पिकल्या चेरीच्या रंगाची, जमिनीला पोट घासेल इतकी खाली बसवलेली, आणि आतली बटणं दाबली की बकरीसारखी उड्या मारणारी. अशा गाडीवर घरातली माणसं रंगवून घ्यायची असतात. छतावर देवमाता. एका दारावर त्याचा बाप, दुसऱ्या दारावर त्याचा कुत्रा. डिकीवर त्याची आई, दोन्या रुपेर्ता, म्हणजे रुपेर्ता बाईसाहेब, डोक्यावर मुकुट घालून. बाई धडधाकट जिवंत आहे. बॉनेट तुझं, असं फकुंडोने मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. पंचवीस वर्षं बॉनेट कोरं राहिलं. कुत्र्याचा नंबर माझ्या आधी लागला.

मी चादर ओढली.

बॉनेटवर मी ढगावर बसले होते. पाठीला पंख. दोन्ही बाजूंना पांढरी कबुतरं, मांडीवर गुलाब, हात जोडलेले, नजर वर. खाली वळणदार सोनेरी अक्षरांत माझं नाव, ओर्लिंडा, मग माझी जन्मतारीख, एक रेघ, आमच्या लग्नाची तारीख. आणि त्याखाली 'चिरशांती लाभो'.

चेहरा मात्र सुरेख उतरला होता, ते कबूल करते. लग्नातल्या फोटोवरून काढलेला.

काय झालं ते फकुंडोने बुटांकडे बघत सांगितलं. रंगवणारा त्याचा चुलतभाऊ प्रोकोपिओ. खोऱ्यातल्या निम्म्या गाड्या त्यानेच रंगवल्यात, आणि लोक त्याच्याकडे येतात ते मेलेल्यांसाठी. हायवेवर गेलेली पोरं, दारूत गेलेले मामा, शुगरने गेलेल्या आत्या. ढग, पंख, कबुतरं, दोन तारखा, चिरशांती. हात बसलाय त्याचा. फकुंडोने त्याला माझा फोटो आणि दोन तारखा देऊन ठेवल्या, एक या कोपऱ्यात लिही, एक त्या कोपऱ्यात. प्रोकोपिओच्या हाताने सवयीप्रमाणे दोन्ही शेजारी आणल्या आणि मध्ये रेघ मारली. म्हणजे त्या बॉनेटप्रमाणे मी लग्नाच्याच दिवशी वारले.

माझी बहीण बेनिल्डे मला निरोप द्यायला आली होती. तिने खाली वाकून सगळं वाचलं आणि म्हणाली, "तारीख बरोबर आहे की."

मी प्रोकोपिओला फोन केला. तो तळ्यावर मासे धरायला गेलेला, सोमवारी येणार. आमचा पिकअप माझ्या भावाने सरपणाला नेलेला. डिकीवरच्या बाईला बरा मुकुट सुचला त्याला, असं मी फकुंडोला म्हटलं. तो म्हणाला, प्रोकोपिओ माझ्या आईला घाबरतो.

चादर परत बांधून आम्ही निघालो. चढावर वारा सुटला, गाठ निसटली, चादर काचेवर आली, फकुंडोने आंधळ्यासारखी गाडी खड्ड्यात घातली, आणि चादर उडून कुरणाच्या तारेच्या कुंपणात जाऊन अडकली. मध्ये ओढा होता. नवे बूट घालून मी काही ओढ्यात उतरणार नव्हते. चादर तिथेच राहिली आणि मी उघड्या बॉनेटवर पंख पसरून सान लिबोरिओत शिरले.

हॉटेल मातीचं दिसत होतं, पण भिंतीवर बोट वाजवलं तर सिमेंट. मॅनेजर गाडी बघायला बाहेर आला. कौतुकाने फेरी मारली, बॉनेटशी थांबला, वाचलं. खोली घेताना फकुंडोने लग्नाची तारीख आणि पंचवीस वर्षं कळवलेली होती, तेव्हा ओठ हलवत मनात वजाबाकी केली. मग त्याने डोक्यावरची हॅट काढली आणि फकुंडोच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाच्याच दिवशी, असं तो इतक्या हळू म्हणाला की मला वाकून ऐकावं लागलं.

फकुंडोने माझ्याकडे बघितलं, बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "हो, म्हणजे, तारीख तीच."

मॅनेजरने मग माझ्याकडे बघितलं. त्या लग्नातल्या फोटोतली मी आणि आत्ताची मी यांच्यामध्ये तीन बाळंतपणं आणि दोन्या रुपेर्ता आहेत, तेव्हा त्याने ओळखलं नाही यात त्याचा दोष नाही. पण त्याच्या नजरेत एक गोष्ट स्वच्छ लिहिलेली होती. मेलेल्या बायकोच्या गाडीतून हा माणूस बाई घेऊन आला, आणि ती बाई मी. मी बायको आहे, असं मी त्याला सांगितलं. "अर्थातच," तो म्हणाला, वेड्यांच्या दवाखान्यात म्हणतात तसं. आणि आम्हाला वरची मोठी खोली दिली, फकुंडोच्या दुःखासाठी.

खोलीत पलंगाच्या वर भिंतीला गाईची कवटी टांगलेली होती. माझा बाप आयुष्यभर असल्या कवट्या कुत्र्यांच्या तोंडातून ओढून काढून कुंपणापलीकडे फेकत आला. खिडकीशी दोघांसाठी गरम पाण्याचा टब, त्यात गुलाबाच्या पाकळ्या. फकुंडो टबाकडे बघून हसला. मी त्याला कवटीखाली बसवलं आणि विचारलं, नाही असं का नाही म्हणालास.

"कशाला वाद, म्हातारे," तो म्हणाला. "दोन दिवसांत जायचंय."

कशाला वाद. या दोन शब्दांवर माझा संसार झालाय. आमच्या थोरल्याच्या बारशाला दोन्या रुपेर्ताने पाद्रीबाबांसमोर सांगितलं की हिच्या हातच्या शेंगदाण्यालाही करपल्याचा वास येतो. फकुंडोने ताटात बघितलं. दर रविवारी तिच्या टेबलावर ती सगळ्यांना विचारते, लाल मिरचीचा रस्सा की हिरव्या. मुलांना विचारते, जावयांना विचारते, एकदा वीज जोडायला आलेल्या माणसाला विचारलं. मला विचारत नाही. मी बसलेली असते आणि माझ्या ताटात लाल ओतली जाते, खुर्चीवर पाणी सांडावं तशी. मी पंचवीस वर्षं फकुंडोला सांगतेय की एकदा, फक्त एकदा, बोल. तो म्हणतो कशाला वाद. आणि आता बॉनेटने ते सोनेरी अक्षरांत लिहून दिलं होतं. त्या घरात मी लग्नाच्या दिवशीच वारले होते.

मी त्याला सरळ सांगितलं. "उद्या संध्याकाळपर्यंत तू लोकांसमोर मोठ्याने म्हणायचं, ही माझी बायको आहे आणि ती जिवंत आहे. नाही म्हणालास, तर त्या गाडीतून एकटा घरी जा आणि पुढेही एकटाच राहा. मी बेनिल्डेकडे जाते."

तो हो म्हणाला. हो म्हणायला त्याला कधीच अडचण नसते.

त्या रात्री टबात पाकळ्यांचा लगदा झाला आणि कोणी शिरलं नाही.

सकाळी गाडीपाशी गेलो तर बॉनेटवर फुलं. शेजारी पेटवलेली मेणबत्ती, एका काचेच्या पेल्यात. गावभर बातमी झाली होती. हा तो माणूस, लग्नाच्या दिवशी बायको गेली, पंचवीस वर्षं तिला गाडीवर घेऊन फिरतोय. नाश्त्याला फकुंडोच्या कॉफीवर दुधाने बदाम काढून आला. माझी कॉफी बशीत सांडून आली. मक्याची निळी धिरडी आली, त्यावर फेस. लाल की हिरवी, असं कोणी विचारलंच नाही, कारण मिरचीच नव्हती. कुंभारकाम करणारी एक बाई आमच्या टेबलाशी बसली, तिने डोळे मिटले आणि फकुंडोचा हात धरून सांगितलं की ती जवळच आहे, मला जाणवतेय. मी शेजारी बसून पाव खात होते.

मी फकुंडोच्या पायावर बूट ठेवला. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि बाईला म्हणाला, थँक यू.

शेवटी हॉटेलकडून त्याला साखरेचा पाक घातलेला पुडिंगचा वाडगा आला, दोन चमचे ठेवून. दुसरा चमचा तिच्यासाठी, असं आणणाऱ्या पोरीने डोळे पुसत सांगितलं. मी तो चमचा उचलला. शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. एकीने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. मी सगळा वाडगा खाल्ला, आणि पाकही चाटला.

फकुंडो बाहेर येऊन म्हणाला, लोक गोड आहेत.

दुपारी ब्लाइथ नावाची बाई भेटली. तिची गॅलरी होती. पांढरे सुती कपडे, गळ्यात अंड्याएवढा निळा फिरोजाचा खडा. तिला गाडी संध्याकाळच्या प्रदर्शनासाठी अंगणात उभी करायची होती, आणि फकुंडोने दोन शब्द बोलायचे होते, प्रेमाबद्दल. मी म्हटलं, बोलेल ना. अगदी नक्की बोलेल. फकुंडोने मान हलवली. त्याच्या कानशिलांवर घाम आला होता. मला वाटलं, चला, निदान माईक तरी मिळाला.

संध्याकाळी अंगणात सगळं गाव काळे कपडे घालून आलं. गाडीवर दिवे सोडले होते. बॉनेटवर इतकी फुलं, इतक्या मेणबत्त्या आणि लोकांनी टेकवलेले इतके वाइनचे ग्लास की माझा फक्त चेहरा आणि एक पंख दिसत होता. मी नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिले. ब्लाइथ माझ्या कानाशी येऊन फार गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला होता का? दुःखाची रेषा तुटतेय."

मी बाजूला झाले. गाडीचं दार उघडलं, आत बसले आणि काच वर केली. दारावरचा कुत्रा बाहेरून सगळ्यांकडे बघत होता. मी किल्ली फिरवली, फक्त दिवा लागेल इतकी. हाताखाली बटणांची पेटी होती.

फकुंडोने माईक धरला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काचेतून मान हलवली, बोल. त्याने घसा साफ केला. मग बुटांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. लोकांना वाटलं हुंदका आवरतोय. मला माहीत होतं काय आवरतोय.

"ती," तो म्हणाला, "मिरची फार छान भाजायची."

भाजायची.

मी पुढच्या चाकांचं बटण दाबलं.

ज्यांनी अशी गाडी उडताना जवळून पाहिलेली नाही त्यांना सांगून कळणार नाही. बॉनेट माणसाच्या छातीइतकं वर गेलं आणि खाली आदळलं. फुलं, मेणबत्त्या, ग्लास, सगळं आधी आभाळात आणि मग लोकांच्या अंगावर. लाल वाइन ब्लाइथच्या पांढऱ्या कपड्यांवर. कुंभारीणबाईच्या केसांत गुलाब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी परत दाबलं. दुसऱ्या उडीत गाडीचं नाक चबुतऱ्यावरच्या एका उंच मडक्याला लागलं. मडकं फुटलं, लोकांनी त्याचेही फोटो काढले. तिसऱ्या उडीला ढगावरची मी जणू उठून उभी राहत होते, हात जोडून, प्रत्येकाच्या तोंडासमोर. माझं डोकं छताला आपटत होतं आणि मला त्याची फिकीर नव्हती.

"बस कर, ओर्लिंडा," फकुंडो माईकमध्ये ओरडला. मी पंचवीस वर्षांत त्याचा तो आवाज ऐकला नव्हता. मी बटणावरून बोट काढलं. गाडी सुस्कारा टाकत खाली बसली.

"ही ओर्लिंडा आहे," तो म्हणाला. "आत बसलीये ती. बॉनेटवर आहे ती हीच. माझी बायको आहे आणि जिवंत आहे."

मग मागे कोणीतरी हुंदका दिला. कुंभारीणबाई छातीवर हात ठेवून म्हणाली की बघा, ती या बाईच्या अंगात आली. एकदम सगळे रडायला लागले. एका माणसाने फकुंडोला मिठी मारली आणि सांगितलं की मी मनाचा डॉक्टर आहे, मान्य करायला वेळ लागतो. फकुंडो म्हणाला, अहो नाही, जिवंत आहे. डॉक्टर म्हणाला, तुमच्यासाठी ती कायमच असेल. फकुंडोने ब्लाइथला धरलं, मॅनेजरला धरलं, पुडिंग आणणाऱ्या पोरीला धरलं. प्रत्येकाला सांगितलं, आवाज चढवून, घाम पुसत. प्रत्येकाने त्याचा हात थोपटला. खरी गोष्ट सांगत होता तो, अगदी साधी, डोळ्यासमोर बसलेली, आणि एक माणूस ऐकेल तर शपथ.

मी काच खाली केली. "अजून मोठ्याने, म्हाताऱ्या," मी म्हटलं. "मी तर रोजच सांगते."

त्याने माझ्याकडे बघितलं. बुटांकडे नाही. तेवढं माझ्या लक्षात आलं.

खोलीवर आल्यावर त्याने विचारलं की आता झालं ना. मी म्हटलं, अर्धं झालं. ज्यांचं तोंड परत बघायचं नाही त्यांच्यासमोर बोलायला काय लागतं. उद्या रविवार आहे. जेवायला तुझ्या आईकडे जायचंय, याच गाडीतून. तो कवटीखाली आडवा झाला होता, आणि खरं सांगते, दोघांत कवटी जास्त रंगात दिसत होती.

परत येताना त्या चढावर बघितलं तर कुंपणाशी दोन माणसं तिपाई लावून आमच्या चादरीचा फोटो काढत होती. फकुंडो म्हणाला, घेऊ का थांबून. मी म्हटलं राहू दे, कोणीतरी तिला किंमत देतंय.

दोन्या रुपेर्ता एप्रनला हात पुसत बाहेर आली. आधी डिकीपाशी गेली. स्वतःच्या मुकुटावर धूळ बसली होती ती एप्रनने पुसली. मग हळूहळू फिरून पुढे आली. मी बॉनेटशेजारी उभी होते. तिने बॉनेट बघितलं, वाचलं, तारखांशी थांबली. माझ्याकडे बघितलं नाही.

"प्रोकोपिओने मन लावून केलंय," ती मुलाला म्हणाली. "किती गप्प दिसतेय. अशी मी तिला कधी पाहिली नाही. राहू दे असंच."

आणि ती हसली, तो हसेल म्हणून थांबली. नेहमी अशा वेळी फकुंडो ताटात बघतो. अंगणात ताट नव्हतं. त्याची नजर बुटांकडे निघाली, अर्ध्या वाटेत मी ती पाहिली. मी मनात बेनिल्डेच्या घरी कुठल्या खोलीत झोपायचं ते ठरवायला लागले.

"आई, ती जिवंत आहे," फकुंडो म्हणाला.

"दिसतंय मला."

"नाही दिसत. दिसलं असतं तर बोलली असतीस तिच्याशी." त्याचा घसा कालच बसला होता, आवाज फाटका येत होता. "ही माझी बायको आहे. इथे उभी आहे. जिवंत माणसाशी बोलतात तसं बोलायचं तिच्याशी, नाहीतर आम्ही दोघं जेवायला येणार नाही. आज नाही आणि पुढच्या रविवारी पण नाही."

बाईने त्याच्याकडे असं बघितलं की जणू गाडी बोलली. मग म्हणाली, घेवडा करपेल, आणि आत गेली.

आम्ही टेबलाशी बसलो. नणंदा, त्यांचे नवरे, पोरं, सगळ्यांनी खिडकीतून ऐकलेलं, त्यामुळे सगळे ताटात बघत होते. दोन्या रुपेर्ता भांडं घेऊन फिरायला लागली. लाल की हिरवी, लाल की हिरवी. माझ्या खुर्चीमागे आली आणि थांबली. पळीतून थेंब गळत होता. फकुंडोने काटा खाली ठेवला.

"लाल की हिरवी?" तिने विचारलं, दात न उघडता.

"दोन्ही," मी म्हटलं. "आणि हिरवी थोडी जास्त."

तिने वाढली. रस्सा खारट झाला होता. मी तसं सांगितलं.

माझा राग गेला असं कोणी समजू नये. पंचवीस वर्षांचा राग एका पळीत मावत नाही. सोमवारी मी स्वतः प्रोकोपिओच्या गॅरेजवर गेले. तो मासे घेऊन आला होता आणि मला दारात बघून त्याच्या हातातला एक मासा खाली पडला. आज त्याला घाबरायला डिकीवरची बाई लागली नाही. मी त्याला सांगितलं की पंख खरवड, कबुतरं खरवड, चिरशांती खरवड, रेघ खरवड आणि रेघेपुढची तारीखसुद्धा. हात सोडव, कमरेवर ठेव. नजर वर नको, समोर, ड्रायव्हरच्या डोळ्यात.

"आणि ढग?" त्याने घाबरत विचारलं.

ढग राहू दे म्हटलं. बसायला बरा आहे.